पन्नास मीटर म्हणजे दोन फेरे

व्यापारी मंडळाच्या पोहण्याच्या स्पर्धेत आपलं नाव आहे, हे शिवलिंगअप्पा उस्तुरग्यांना उदगीरच्या बाजारात सगळ्यात शेवटी कळलं. सकाळी भांड्यांचं दुकान उघडून ते देवांच्या फोटोंना उदबत्ती ओवाळत होते. एवढ्यात समोरच्या आडतीवरचे संगप्पा पायरी चढून आले आणि हात जोडून म्हणाले, "अप्पा, आमच्यावर जरा दया ठेवा. आम्ही पडलो नवशिके."

"कशात?" अप्पांनी विचारलं.

"पोहण्यात हो. पंचेचाळीसच्या वरच्या गटात चारच नावं हायत. तुमचं वाचलं आन् माझ्या पोटात गोळाच आला. बाकीच्यांनी अनुभवाच्या रकान्यात रेघ मारलीय. तुमच्या फारमवर 'लहानपणापासून' असं लिहिलंय."

अप्पांनी तीच उदबत्ती सगळ्या फोटोंना पुन्हा एकदा ओवाळली. अठ्ठेचाळीस वर्षांच्या आयुष्यात ते बादलीपेक्षा खोल पाण्याशी कधी सलगीने वागले नव्हते. पुण्यात शिकणाऱ्या मुलाने एकदा समुद्र दाखवायला नेलं होतं, तेव्हाही ते चपला राखत बसले होते.

दुपारी जेवायला घरी गेल्यावर उलगडा झाला. फॉर्म मंजुश्रीबाईंनी भरला होता. सहीसुद्धा त्यांनीच ठोकून दिली होती.

"महिला मंडळात सगळ्याजणी नवऱ्याचं कौतुक सांगून राहिल्या," भाकरी वाढताना त्या म्हणाल्या. "कुणाचा कॅरम खेळतो, कुणाचा पेटी वाजवतो. मग मीबी सांगितलं, आमचे लहानपणापासून पोहतात. खरं तेच सांगितलं."

"खरं तेच," असं म्हणून अप्पांनी भाकरीचा घास वरणाऐवजी पाण्याच्या तांब्यात बुडवला.

आता हे 'खरं' कुठून आलं ते सांगायला हवं. बावीस वर्षांपूर्वी अप्पा मुलगी बघायला देवणीकडच्या एका गावात गेले होते. सासरे होऊ घातलेले अण्णा म्हणजे पट्टीचे पोहणारे, घरामागे त्यांची भलीमोठी विहीर. त्यांनी शिक्षण विचारलं नाही, दुकान किती चालतं ते विचारलं नाही. एवढंच विचारलं, "पोहता येतं का? आमच्या घरात बिनपोहणारा जावई चालत न्हाई." तेवढ्यात दाराआडून मंजुश्रीने एकदा डोकावून पाहिलं होतं. अशा वेळी अण्णांनी उडता येतं का म्हणून विचारलं असतं, तरी अप्पा हो म्हणाले असते. ते म्हणाले, "येतं की. लहानपणापासून."

असलं खोटं दुसरीकडे कुठे महिनाभरसुद्धा टिकलं नसतं. आपल्या लातूर जिल्ह्यात ते बावीस वर्षं टिकलं, कारण ते उघडं पडायला लागणारं पाणीच समोर आलं नाही. दर तीन वर्षांनी धोंड्याच्या महिन्यात सासरी बोलावणं यायचं आणि जेवणाआधी सगळ्या जावयांनी विहिरीत उड्या मारायच्या, असा त्या घरचा रिवाज होता. पहिल्या धोंड्याला अप्पांच्या कानाला बोळा होता. दुसऱ्याला त्यांनी कसलंसं व्रत धरलं होतं, कसलं ते त्यांनाही नीट सांगता आलं नाही. एका धोंड्याला विहीरच कोरडी पडली होती आणि सगळं घर हळहळत असताना अप्पा एकटे दोन धोंडे जास्त जेवले. एका वर्षी तर साथ आली आणि सरकारनेच कुणी कुणाकडे जायचं नाही असं जाहीर करून टाकलं. पुढे अण्णा गेले. पण जाताना लेकीला म्हणून गेले की, तुझा मालक पोहणारा हाय, मला काळजी न्हाई. त्यामुळे आता हे खोटं कबूल करणं म्हणजे नुसतं बायकोसमोर तोंडघशी पडणं नव्हतं. वर गेलेल्या माणसालाही खोट्यात काढण्यासारखं होतं, आणि त्याच विचाराने अप्पांचा जीव अर्धा झाला.

स्पर्धेला तीन आठवडे होते. शहराबाहेरच्या नव्या तलावात जाऊन शिकावं, तर सकाळी निम्मा बाजार तिथेच पालथा पडलेला असायचा. अप्पा संध्याकाळी उठले आणि हनीफभाईंच्या दुकानी गेले. हनीफभाई म्हणजे शाळेतले सोबती, मोटर वाइंडिंग करणारे. गाळात रुतलेल्या पाणबुडी मोटरी बुडी मारून काढण्यात त्यांचा हात धरणारा आसपास कुणी नव्हता. देवणी रोडवरच्या शंभरेक विहिरींच्या तळाला त्यांचे पाय लागले होते.

"हनीफ, पोहणं शिकायला किती दिवस लागतात?"

"कुणाला शिकायचंय?"

अप्पा दुकानातली एक मोटर उगाच फिरवून बघू लागले. हनीफभाईंनी हातातली तांब्याची तार खाली ठेवली. "अप्पा, भाभी तर सगळीकडं सांगून राहिल्यात की तुम्ही लहानपणापासून..."

"म्हणूनच इचारून राहिलो."

हनीफभाई हसले नाहीत. दोस्ताची इज्जत म्हणजे काय ते त्यांना कळत होतं. शिवाय हसायला पुढे तीन आठवडे पडले होते. "फिकर नका करू," ते म्हणाले. "तुमच्या शेतातली इहीर यंदा भरलीय. उद्या पहाटे चला. ही बात आपल्या दोघांतच."

आणि घरी काय सांगायचं, तेही त्यांनीच सुचवलं. शेतातली मोटर गाळात रुतलीय, ती काढायला रोज जावं लागतंय. यात नाव ठेवायला जागा नव्हती. निदान पहिल्या दिवशी तरी नव्हती.

अप्पांनी दुकानातला एक नवा पंधरा लिटरचा स्टीलचा डबा नेला. हनीफभाईंनी त्याच्या झाकणाला मेण लावलं, डबा अप्पांच्या पाठीला करकचून बांधला आणि कमरेला दोर लावून दुसरं टोक आपल्या हातात घेतलं. अप्पा पायऱ्या उतरून पाण्यापाशी गेले, पाण्याला हात लावून त्यांनी नमस्कार केला आणि तसेच बसून राहिले.

"अप्पा, पूजा झाली असंल तर उतरा," वरून हनीफभाई म्हणाले.

"पाणी गार हाय."

"गरम करायला मी काय चूल पेटवू? उतरा."

अप्पा उतरले. पहिले तीन दिवस त्यांनी जे केलं त्याला पोहणं म्हणता येणार नाही, पण बुडणंही म्हणता येणार नाही. डबा त्यांना बुडू देत नव्हता आणि भीती त्यांना पोहू देत नव्हती. चौथ्या दिवशी हातपाय जरा कह्यात आले. मग हनीफभाई दोर धरून काठावरून चालू लागले आणि खाली पाण्यात अप्पा दोराच्या ओढीने भिंतीकडेने फिरू लागले. हनीफभाई डावीकडून निघाले, तसं अप्पांनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"हनीफ, उलटा फेरा नको. देवळात, होळीला, लग्नात, सगळीकडं उजवीकडून फिरतात. माझं सगळं आयुष्य उजव्या हातानं गेलंय."

"अरे अप्पा, पाण्याला काय डावं-उजवं?"

"मला हाय ना."

हनीफभाई उजवीकडून चालू लागले. डोळ्यांत पाणी जातं म्हणून अप्पा डोळे गच्च मिटून घ्यायचे आणि मनातल्या मनात नामस्मरण करायचे. चाळीस वेळा नाम घेतलं की एक फेरा व्हायचा. बाराव्या दिवशी पाठीचा डबा सुटला. दोर राहिला, पण तो आता नुसता ढिला लोंबत असायचा. अप्पा सहा-सहा फेरे मारू लागले. पाण्यात आपलं अंग तरंगतंय, ही गोष्ट त्यांना इतकी नवलाची वाटायची की, कपडे घालतानाही ते गालातल्या गालात हसत राहायचे.

इकडे बाजारात मात्र भलतंच सुरू झालं होतं. बारा दिवस झाले तरी उस्तुरग्यांची मोटर निघत नाही, म्हणजे हनीफभाईंच्या हातात काही दम राहिला नाही, असं लोक बोलू लागले. मंजुश्रीबाई ज्याला त्याला काळजीने सांगायच्या, "हनीफभाई बिचारे रोज जातात हो, पण वय झालं आता." याचा परिणाम व्हायचा तो झाला. तोगरी गावच्या एका शेतकऱ्याने हनीफभाईंकडे आणायला काढलेली मोटर परस्पर दुसऱ्या मिस्तरीकडे नेली.

"तुमची इज्जत राखता राखता माझी गेली, अप्पा," हनीफभाई काठावर बसून म्हणाले. "तीस बरसांत कुणी मला असं बोललं न्हाई. उद्या मोटर निघाली म्हणून सांगा."

"निघाली तर मी रोज इथं कशाला येऊ?"

हे हनीफभाईंच्या लक्षात आलं नव्हतं. दोघंही विचार करू लागले, आणि नेमकं त्याच वेळी बांधावरून मंजुश्रीबाई येताना दिसल्या. एका हातात जेवणाचा डबा होता, दुसऱ्या हाताने पदर सावरत होत्या. नवरा आणि मिस्तरी दोघंही उपाशीपोटी राबतात, म्हणून त्या सकाळचं खायला घेऊन पहिल्या रिक्षाने आल्या होत्या. अप्पांनी मागचापुढचा विचार न करता शेजारी पडलेला स्टीलचा डबा सवयीने पाठीला अडकवला आणि पाण्यात उडी टाकली. ही त्यांची आयुष्यातली पहिली उडी. ती नीट पडली की कशी, हे बघायला त्यांना सवडच झाली नाही.

मंजुश्रीबाईंनी काठावरून वाकून पाहिलं. "अहो, खाली काय करून राहिलात?"

"मोटर बघून राहिलो."

"मग हनीफभाई वर कशाला?"

"मी दोर धरलाय, भाभी," हनीफभाई म्हणाले.

"यांना पोहता येतं तर दोर कशाला पाहिजे?"

"जिम्मेदारी हाय ना भाभी. माझ्या हाताखाली काम करणारा कुणी असो, मी दोराशिवाय उतरू देत न्हाई."

बाईंना हे पटलं. मग त्यांची नजर पाठीवर गेली. "आन् हा डबा? हा तर आपल्या दुकानातला हाय."

अप्पांनी पाण्यातूनच हनीफभाईंकडे पाहिलं. हनीफभाईंनी आभाळाकडे पाहिलं. "पाने-पकडी ठेवायला," अप्पा म्हणाले. "खाली हात मोकळे लागतात."

बाई थोडा वेळ डब्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "स्पर्धा आठ दिवसांवर आलीय आन् तुम्ही मोटर काढत बसलात. जरा पोहण्याचा सराव करा की. आयतं पाण्यात हायतच, तर दोन हात मारा. मला बघू द्या."

नाही म्हणायला जागाच उरली नाही. अप्पांनी डोळे मिटले, नामस्मरण सुरू केलं आणि उजवीकडून एक फेरा मारला. डोळे उघडून वर पाहिलं तर मंजुश्रीबाई काठावर दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसल्या होत्या आणि त्यांच्याकडे टक लावून बघत होत्या. मग जेवणाचा डबा ठेवून निघून गेल्या. त्यांना संशय आला की समाधान झालं, हे अप्पांना पुढचे आठ दिवस कळलं नाही. घरी विचारायची हिंमत नव्हती, आणि बाई आपल्या नेहमीसारख्याच डाळ निवडत होत्या.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी हनीफभाईंनी दोराने विहिरीचा घेर मोजला. काठावर दोर अंथरून, त्याला गाठी मारून, वितीने मोजून त्यांनी हिशेब केला. "अप्पा, तुमचा एक फेरा पंचवीस मीटरचा भरतो. स्पर्धा किती मीटरची?"

"पन्नास."

"म्हणजे दोन फेरे."

"दोनच?" अप्पांचा विश्वास बसेना. "मी तर सहा मारून राहिलो." त्यांना एकदम संगप्पांची दया आली. आपण पहिले आलो तर बिचाऱ्याला वाईट वाटेल, शेजारधर्म आहे, थोडं हळू पोहावं का, असा विचारही त्यांच्या मनात येऊन गेला.

रविवारी सकाळी अप्पा आणि हनीफभाई तलावावर पोचले, आणि दोघंही दारातच थबकले. अप्पांनी आयुष्यात पहिल्यांदा कोपरे असलेलं पाणी पाहिलं. निळ्या फरशा, चारी बाजूंनी कट्टे, डाव्या अंगाला पुरुष बसलेले आणि उजव्या कट्ट्यावर महिला मंडळ.

"हनीफ, यात फेरा कुठून मारायचा?"

हनीफभाईंनी तलाव या टोकापासून त्या टोकापर्यंत न्याहाळला. त्यांचंही उभं आयुष्य गोल पाण्यात गेलं होतं. "तलाव कसाबी असो, अप्पा," ते जरा सावकाश म्हणाले, "पाणी ते पाणीच."

व्यापारी मंडळाचे सचिव बसवराज सर शाळेतून कवायतीचे शिक्षक म्हणून निवृत्त झालेले. गळ्यात शिट्टी अजून होती. त्यांनी चौघांना रांगेत उभं केलं. अप्पांची बनियन काढायला लावली आणि गळ्यातल्या चांदीच्या डबीकडे बोट दाखवून म्हणाले, "तेबी काढा. दागिने चालत न्हाईत."

"हा दागिना न्हाई, सर. हे अंगावरून काढत न्हाईत. तुमच्याबी गळ्यात हाय."

सरांनी नकळत आपल्या सदऱ्यावरून हात फिरवला, आतली इष्टलिंगाची चांदीची डबी चाचपली आणि पुढच्याकडे वळले. मग त्यांनी नियम सांगितले. सरळ जायचं, समोरच्या भिंतीला हात लावायचा, सरळ परत यायचं. रांगा वेगळ्या करणाऱ्या दोऱ्या मागवल्यात, त्या अजून आल्या नाहीत, तेव्हा ज्याने त्याने आपल्या रांगेत राहावं. अप्पांना सगळ्यात डावीकडची रांग मिळाली. त्यांच्या उजवीकडे संगप्पा, पुढे एक कापडवाले, पुढे एक खतवाले.

"सरळ जायचं, सरळ यायचं," अप्पा स्वतःशी घोकत होते. डोकं पूर्ण तयार होतं. हातपायांना मात्र कुणी विचारलं नव्हतं.

शिट्टी झाली. चौघांनी उड्या टाकल्या. अप्पांनी सवयीप्रमाणे डोळे मिटले आणि नामस्मरण सुरू केलं. पाणी छान होतं, औषधाच्या वासाचं होतं, पण छान होतं. कमरेला दोर नाही याची त्यांना पहिल्या पाच हातांत जरा भीती वाटली, मग तीही गेली. आपण सुतासारखे सरळ चाललो आहोत अशी त्यांची पक्की खात्री होती. लोकांचा आरडाओरडा वाढला, तो कौतुकाचाच असणार असं त्यांनी धरलं. नामाची संख्या वीसवर गेली न गेली तोच हात भिंतीला लागला. समोरची भिंत इतक्या लवकर आली याचं त्यांना जरा नवल वाटलं. पण मोजमाप हनीफभाईंचं होतं, एखाद्या वेळी गाठ चुकली असेल. त्यांनी भिंतीला पाय लावून उलटं वळण घेतलं आणि परतीला लागले.

काठावरच्या लोकांना जे दिसलं ते वेगळं होतं. अप्पा उडी मारून सात-आठ हात पुढे गेले आणि उजवीकडे वळले. संगप्पांची रांग ओलांडली, कापडवाल्यांची ओलांडली, आणि निघाले होते त्याच भिंतीला येऊन टेकले. संगप्पांनी अप्पांना वळताना पाहिलं. लहानपणापासून पोहणारा माणूस वळतोय म्हणजे काहीतरी नियम असणार, असं समजून तेही वळले. कापडवाले दोघांच्या मध्ये सापडले आणि नाकातोंडात पाणी जाऊन कठड्याला लोंबकळले. खतवाले एकटे सरळ चालले होते. पण अर्ध्यावर त्यांनी मागे पाहिलं तर सगळे परत फिरलेले. शर्यत रद्द झाली वाटतं, म्हणून तेही माघारी आले. बसवराज सर शिट्टीवर शिट्टी फुंकत होते, त्यामुळे तर खतवाल्यांची खात्रीच पटली.

अप्पा मात्र परतीच्या वाटेवर होते. तेही उजवीकडूनच. हात पुन्हा भिंतीला लागला, तसा त्यांनी विजयाने उजवा हात वर केला आणि डोळे उघडले. समोर बसवराज सर असायला हवे होते. समोर मंजुश्रीबाई होत्या, आणि त्यांच्या मागे अख्खं महिला मंडळ. अप्पा महिलांच्या कट्ट्याला येऊन लागले होते.

"किती नंबर आला?" अप्पांनी पाण्यातूनच विचारलं.

मंजुश्रीबाईंनी पदर पुढे करून त्यांना आधी तोंड पुसायला सांगितलं. तिकडे कट्ट्यावर गोंधळ माजला होता. संगप्पा म्हणत होते, "अप्पा वळले म्हणून मी वळलो, यात माझी काय चूक?" खतवाले म्हणत होते, "मला शिट्टी ऐकू आली." हनीफभाई सरांना गाठींचा दोर दाखवून सांगत होते की, अप्पांनी अंतर बरोब्बर कापलंय, दिशेचं एवढं काय घेऊन बसलात. सरांनी वही उघडली, मिटली, पुन्हा उघडली. त्यांच्या चाळीस वर्षांच्या नोकरीत चार जण पळाले आणि शेवटच्या रेघेपर्यंत एकही पोचला नाही, असं कधी झालं नव्हतं. शेवटी त्यांनी माइक हातात घेतला. "या गटात कुणालाच नंबर न्हाई," ते म्हणाले, आणि मग त्यांना राहवलं नाही. "पण अप्पा, एक सांगा. फारमवर तुम्ही लहानपणापासून लिहिलंय. खरं सांगा, तुम्ही पोहायला शिकलात तरी कधी?"

एव्हाना अप्पा महिलांच्या कट्ट्यावर चढले होते आणि सर वळसा घालून त्यांच्यापर्यंत पोचले होते. अप्पांच्या अंगावरून पाणी निथळत होतं आणि माइक त्यांच्या तोंडासमोर आला होता. त्यांना वाटलं, संपलं. बावीस वर्षांचं एका वाक्यात संपलं. त्यांनी तोंड उघडलं, पण आवाज मागून आला.

"सर, हे काय इचारणं झालं?" मंजुश्रीबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. "इहिरीत शिकलेला माणूस असाच पोहतो. माझे अण्णा देवणीच्या यात्रेत तळ्यात उतरले तर असेच गोल फिरायचे. हे काय पंधरा दिवसांच्या क्लासात येत न्हाई. लहानपणी अंगात मुरावं लागतं. परवा शेतात बघितलं मी यांना पोहताना, मला तर अण्णाच दिसले."

महिला मंडळाने टाळ्या वाजवल्या. म्हातारेकोतारे माना डोलवू लागले, खरंय, खरंय, आमचे काकाबी असेच फिरायचे. बसवराज सरांनी माइकवरून माफी मागितली. ज्या चुकीपायी नंबर गेला, त्याच चुकीने अप्पांचं खोटं साऱ्या गावासमोर खरं करून दाखवलं होतं. यापुढे कुणी काही विचारणार नव्हतं. हनीफभाईंनी लांबूनच हाताने खूण केली, सुटलात.

दोघं स्कूटरवरून घरी निघाले. मंजुश्रीबाई मागून म्हणाल्या, "माझं मात्र राहूनच गेलं बघा."

"काय?"

"पोहणं. अण्णा माझ्या भावांना इहिरीत फेकायचे. मी काठावर त्यांचे कपडे राखत बसायची. पोरींनी उतरायचं न्हाई म्हणायचे. मग मी आईला म्हणलं, जावई तरी पोहणारा बघा, तो शिकवील मला. म्हणून अण्णांनी इचारलं होतं तुमाला."

अप्पांचा हात ॲक्सिलरेटरवर सैल पडला. स्कूटर रांगू लागली.

"पण लग्न झालं, मग पोरगं, मग तुमच्या आईचं आजारपण. म्हणायचं राहूनच गेलं. तुमचा फारम भरला तेव्हा वाटलं, यांचं बघून आपणबी उतरू. पण आज तुमाला बघितलं आन् कळलं. हे लहानपणीच यावं लागतं. आता चव्वेचाळिसाव्या वर्षी कुणाला येतंय? जाऊ द्या."

बायकोचा चेहरा अप्पांना दिसत नव्हता. नुसता आवाज ऐकू येत होता. आत्ता गप्प बसलं तर जन्मभर काही होणार नव्हतं. सगळं गाव त्यांच्या बाजूने होतं. आपण सुटलो आहोत हे त्यांना चांगलं कळत होतं, आणि तरी त्यांनी स्कूटर कडुनिंबाखाली थांबवली. मागे वळून न बघता, हँडल धरूनच ते बोलले.

"मंजू, मला येत नव्हतं."

"काय येत नव्हतं?"

"पोहणं. लग्नाच्या वेळी येत नव्हतं. मागच्या महिन्यातबी येत नव्हतं. मोटर रुतलीच नव्हती. हनीफनं शिकवलं."

ऊस भरलेली एक ट्रॅक्टरची ट्रॉली खडखडत निघून गेली. मग मंजुश्रीबाई खाली उतरल्या आणि वळसा घालून समोर येऊन उभ्या राहिल्या. अप्पांनी मान खाली घातली. तिने आता काहीही बोलावं, एवढी त्यांची तयारी होती.

"अण्णांना खोटं सांगितलं?"

"हाव."

"आन् धोंड्याला कानाला बोळा होता, ते?"

"तेबी."

"हनीफभाईंनी शिकवलं म्हणता. किती दिवसांत?"

"वीस दिवस."

"वीस दिवसांत? या वयात?"

"हाव."

मंजुश्रीबाई रस्त्याकडे बघत उभ्या राहिल्या. त्या चिडल्यात, हसताहेत की रडताहेत, हे अप्पांना काही केल्या ओळखता येईना. मग त्यांनी पदर कमरेला खोचला आणि पुन्हा मागे येऊन बसल्या.

"स्कूटर शेताकडं घ्या."

"आत्ता?"

"बावीस वर्षांचं भांडण घरी गेल्यावर करू. आधी मला पाण्यात उतरवा."